हमालाचा विमा

१९७४ साल होतं आणि मी एकतीस वर्षांचा होतो. शिक्षण चौथी, आणि चौथीही मास्तरांनी पोरगं अंगानं लय वाढलं म्हणून पास केलेली. पण कडेगाव आणि विट्याच्या मधल्या आमच्या गावात मालट्रक घेणारा पहिला माणूस मीच. गाडी जुनी, बोनेटला दोन ठिकाणी पत्र्याचं ठिगळ, पण माझी. लोकांनी मला नावानं हाक मारायचं सोडलं आणि मालक म्हणायला लागले. मला ते आवडायचं. आजही आवडतं. लिहायलाच बसलोय तर खोटं कशाला लिहू.

आमच्या थोरल्या भावाच्या मरणाची हकीकत गावात अजून दोघंतिघं सांगतात. त्यांच्या हकिकतीत मी चांगला माणूस आहे. भावाची इज्जत राखणारा. म्हणून मी माझ्या हातानं लिहितोय.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले, तेव्हापासून घराचे कर्ते तेच. बैलगाडीनं कारखान्याला ऊस ओढायचे. दुष्काळात आटपाडीच्या बाजारात बैलजोडी विकली, आणि पुन्हा काही जोडी झाली नाही. आमची चूल वेगळी झाली होती, पण भिंत एकच. पलीकडं दादा नुसते बसलेले असायचे, ते मला अलीकडं समजायचं. दावणीचा रिकामा दोर वळायचे, पुन्हा उलगडायचे, पुन्हा वळायचे.

एक दिवस सकाळी गाडीपाशी आले.

"बसून खाववत न्हाई रं. गाडीवर येतो."

"या की दादा. मला सोबत हुईल."

"सोबत न्हवं. कामाला येतो. भरणं, उतरणं, दोर आवळणं, समदं करतो. दुसऱ्या हमालाला देतोस त्ये मला दे."

मी मान खाली घातली. थोरला भाऊ असं बोलला की मान खालीच घालायची असते.

"पर दोन गोष्टी ऐक," दादा म्हणाले. "गावात ह्ये बोलायचं न्हाई. आन् पैसं माझ्या हातात ठिवायचं न्हाईत. धाकल्याम्होरं हात पसरायला मी अजून मेलेलो न्हाई."

तसंच ठरलं. शनिवार आला की मी पलीकडच्या सोप्यात जायचो आणि आठवड्याचा पगार वहिनींच्या हातात द्यायचो. वहिनी पदरात घ्यायच्या, मोजायच्या नाहीत. दादा तेवढ्यापुरते घरामागच्या परड्यात जायचे. गावाला आम्ही सांगितलं, थोरले गाडीवर लक्ष ठेवायला जातात. बसण्याचंही तसंच. रस्त्यानं दादा मालावर, दोरापाशी. परत येताना गावाच्या अलीकडं ओढा लागतो, तिथं मी गाडी थांबवायचो. दादा वरून उतरायचे, धोतर झटकायचे, पटका नीट करायचे आणि केबिनमध्ये माझ्याशेजारी येऊन बसायचे. गावात शिरताना ते मालकाचे थोरले बंधू असायचे.

त्याच वर्षी विम्याचा एजंट आला. विट्याचा, आधी प्राथमिक शाळेत मास्तर होता, सायकलवरून यायचा. त्यानं कागद बोनेटवर पसरला आणि वर माझाच पाना ठेवला, उडू नये म्हणून.

"हे बघा मालक," तो म्हणाला. "तुमची गाडी रस्त्यावर कुणाला धडकली, तर त्या माणसाचा विमा. हा सरकारी कायद्यानं काढावाच लागतो. तुमचीच गाडी फुटली, तर तिचा विमा वेगळा. तो घ्या नाहीतर नका घेऊ. आणि तिसरा, तुमच्या गाडीवर पगारानं काम करणाऱ्या माणसाचा. ड्रायव्हर, क्लीनर, हमाल. माणशी थोडे जादा भरायचे. तो कामावर असताना गेला, तर त्याच्या बायकापोरांना कंपनी देते."

"आन् गाडीत बसून कोण आला असंल तर?"

"कोण म्हणजे?"

"पावणा. वऱ्हाड. कुणी म्हणलं विट्यापत्तूर सोडा."

"त्याला काही नाही. ही मालगाडी आहे. मालगाडीत माणूस बसवायचाच नसतो."

"म्हंजे फुकट बसला त्यो फुकट मेला?"

मास्तर हसला. "कागदावर असं लिहिलेलं नाही, पण अर्थ तोच."

मीही हसलो. मग त्यानं विचारलं, हमाल किती लावू? मी म्हटलं, एक. तो म्हणाला, कडेगावचे गाडीवाले हमालाचा विमा काढत नाहीत, कशाला पैसे घालवता. तेवढं ऐकलं आणि मी ताठ झालो. म्हटलं, त्यांची ऐपत नसंल, माझी हाय. लिहा. हमालाचं नाव त्यानं विचारलं नाही. कागदात नाव लागत नव्हतं, नुसतं एक हमाल एवढं पुरत होतं. त्या वेळी मला ते सोयीचंच वाटलं. खाली मी सही केली. माझी सही झोकदार होती, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढायचो.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी आम्ही साताऱ्याकडून बटाटा भरून सांगलीला नेला. बाजारात दादा पोती उतरवत होते. चाळिशीचा माणूस, पण दुष्काळानं अंग उतरलेलं. एक पोतं पाठीवरून निसटलं आणि फुटलं. बटाटे चहूकडं. बाजाराचे हमाल हसायला लागले.

"मालक, ह्यो म्हातारा कुठनं धरून आणला? ह्येलाच कुणीतरी उचलाया पायजे!"

ह्यो माझा भाऊ हाय, एवढंच म्हणायचं होतं. दीड पावलावर दादा उभे होते, वाकून बटाटे गोळा करत. व्यापारी बघत होता. मी म्हणालो,

"पगार घेतोस न्हवं? मग उचल की नीट."

आयुष्यात दादांना मी एकेरी बोललो ते तेवढंच. त्यांनी वर बघितलं नाही. सगळे बटाटे गोळा केले, फुटकं पोतं दाभणानं शिवलं, आणि बाकीची पोती एकट्यानं उतरवली. हमाल हात लावायला आले तर नको म्हणाले.

परतीला पेंडीची पोती होती. दादा वर बसले. दुपारच्या चहाला मी गाडी थांबवली, ते उतरले नाहीत. मी ग्लास वर धरला तर म्हणाले, "मालकांनी घ्यावा. हमाल वरच बरा हाय." तो ग्लास मी रस्त्यावर ओतला. मला वाटलं, एवढं कशाला मनाला लावून घ्यायचं. पोटात राग घेऊनच गाडी चालवली. राग कुणावरचा ते मला आजही नीट सांगता येणार नाही, पण होता.

ओढा आला. दादा वरून हाताच्या थापेनं केबिनचा टप वाजवायचे, ती आमची खूण. थाप पडली. मी गाडी हळू केली, पण पुरती थांबवली नाही. बघू उतरतात का, असं मनात आलं. उतरतील नाहीतर बसतील वर, बघू दे एकदा गावाला. ते उतरायला लागले. मला आरशात त्यांचा एक पाय दिसला, बाजूच्या फळीच्या, फाळक्याच्या, खालच्या लोखंडाला चाचपत असलेला. मग पाय दिसला नाही. मागच्या चाकाखाली पेंडीचं पोतं यावं तशी गाडी जराशी उचलली आणि खाली बसली.

विट्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. गाडी उभी होती आणि त्यांचा पाय घसरला, असं मी पोलिसांना सांगितलं. गाडी उभी नव्हती.

तेराव्यानंतर एजंट सायकलवरून आला. ओट्यावर बसला, पाणी प्याला, दुःखाचं जे बोलायचं ते बोलला. मग म्हणाला, "मालक, एक बरं झालं. तुम्ही हमालाचे पैसे भरलेत. तुमचे थोरले कामावर होते ना? मग वहिनींना मिळतील. कंपनीचे साहेब पुण्याहून चौकशीला येतील. एकच विचारतील, पगार होता का. जे असेल ते सांगा. लबाडी काही करायची नाही, खरं तेच सांगायचंय."

वहिनी दाराआड उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. एजंट गेल्यावर त्या बाहेर आल्या. तेरा दिवस त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"भावजी, त्येवढं सांगा सायबांना. दोन पोरी हायत मला. दोन म्हशी घीन, दूध घालीन, कसं तरी करीन. दर शनवारी तुमच्या तोंडाकडं बघायला लावू नगा."

मी म्हटलं, "बघू."

बघू म्हणजे काय, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्या मात्र तेवढ्यावर आत गेल्या आणि त्या दिवशी त्यांच्या चुलीतून तेरा दिवसांनी पहिल्यांदा फोडणीचा वास आला.

बातमी भावकीत गेलीच. आमचे एक चुलते होते, वयानं मोठे, कुणाच्याही घरात काय शिजतं हे त्यांना वासावरून कळायचं. देवळापाशी चारचौघांत त्यांनी मला अडवलं.

"काय रं, ऐकतोय त्ये खरं हाय का? थोरल्याला हमाल म्हणून ठिवला हुतास?"

"कोण म्हणतं आबा?"

"इमावाला म्हणतोय की गावभर. अरं, बापामागं त्यानं तुला खांद्यावर खेळावला आन् तू त्येच्या खांद्यावर पोती दिलीस व्हय?"

"सोबतीला येत हुते दादा."

"तसंच आसंल म्हणा. न्हाईतर आमच्या भावकीत असं कवा झालं न्हाई. पोरीबाळींची लग्नं व्हायची हायत समद्यांच्या."

बाकीचे बघत होते. मी घरी आलो आणि जेवलो नाही.

साहेब चौथ्या दिवशी आले. चष्मा, हातात चामडी पिशवी, पायात धुळीनं पांढरे झालेले बूट. चावडीत खुर्ची टाकली. पंच म्हणून भावकीतले दोघं बसले, त्यात चुलते एक. बाकी गाव उंबऱ्यापर्यंत. वहिनी बायकांत, खांबाला धरून उभ्या. एजंट साहेबांच्या मागं.

साहेबांनी नाव, गाव, गाडी विचारली. मग चष्मा काढून पुसला.

"मयत इसम आपल्या गाडीवर काय म्हणून होते?"

सगळी चावडी माझ्या तोंडाकडं. चुलत्यांनी पानाची चिमटी तोंडाशी नेली होती, ती तिथंच.

"भाऊ म्हणून," मी म्हणालो.

"ते बरोबर. पण काम काय करत होते?"

"काम कसलं? सोबतीला येत हुते."

 साहेबांनी एजंटकडं बघितलं, एजंटनं माझ्याकडं.

"नीट ऐका," साहेब म्हणाले. आवाज वाईट नव्हता त्यांचा. "पॉलिसीत एक हमाल आहे. मयत जर पगारावर हमाली करत असतील, तर त्यांच्या पत्नीला भरपाई देणं कंपनीला भाग आहे. जर ते नुसते सोबत बसून आले असतील, तर एक पैसाही देता येत नाही. हे समजून उत्तर द्या. पगार देत होता का?"

"न्हाई."

"मग हमालाचे पैसे कुणासाठी भरले होते?"

"कडेगावचं गाडीवालं भरत न्हाईत, म्हणून भरलं."

चावडीत कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. तेवढ्यात बायकांतून आवाज आला.

"पगार हुता."

वहिनी पुढं आल्या. डोक्यावरचा पदर घट्ट, पण मान वर. आमच्या घरातली बाई चावडीत बोलली ती ही पहिलीच.

"पगार हुता, सायेब. दर शनवारी. ह्या हातावर ठिवत हुते भावजी. पोती उचलून त्येंच्या खांद्याला घट्टं पडलं हुतं, म्या तेल लावत हुते. सोबतीला येणाऱ्याला घट्टं पडत्यात व्हय?"

साहेब माझ्याकडं वळले. "या म्हणतात ते खरं आहे?"

इथं मला काही अडचण नव्हती. व्हय म्हणायचं होतं. एक शब्द. मी वहिनींकडं बघितलं नाही, चुलत्यांच्या पानाकडं बघत म्हणालो,

"घरखर्चाला देत हुतो. थोरला भाऊ अडचणीत आला तर धाकल्यानं द्यायचं न्हाई तर कुणी? त्येला पगार कशाला म्हणत्यात? वयनी बाईमाणूस, दुःखात हायत. इम्याचं पैसं म्हणलं की माणूस बोलून जातं."

हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. पहिल्यावरच काम झालं होतं. पण ते तोंडातून आलं आणि चावडीला ते पटलं, हे मला बघताबघता कळलं. चुलत्यांनी पान तोंडात टाकलं.

"दाल्ला जाऊन वीस दिस न्हाई झालं," ते बायकांकडं न बघता म्हणाले, "आन् त्येला हमाल करून पैसं मागायचं! आमचा थोरला कर्ता हुता घरचा, सायेब. लिहा तसं."

"काही लिहून ठेवलंय का? पगाराची चिठ्ठी, वही?" साहेबांनी वहिनींना विचारलं.

वहिनींनी मान हलवली. वही कोण ठेवणार? ठेवायचीच नाही म्हणून तर हातावर द्यायचो.

"कुणी बघितलंय का देताना?"

"त्ये परड्यात जात हुते," वहिनी म्हणाल्या. कुणाला काही कळलं नाही. मला कळलं.

साहेबांनी जबाब लिहिला, वाचून दाखवला. मी सही केली. सही करताना शेवटच्या अक्षराची शेपटी ओढायची सवय होती, ती ओढलीच. पंचांनी अंगठे दिले. वहिनींना विचारलं, तर त्यांनी अंगठा पदरात गुंडाळून घेतला आणि निघाल्या. बायका बाजूला झाल्या. माझ्याजवळून जाताना त्या थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, पण चुलत्यांनाही ऐकू गेलं:

"त्येंनी तुमच्याकडं काम मागितलं, तवाच म्या नगं म्हणले हुते."

लोक पांगले. साहेब पिशवी आवरता आवरता मला एका बाजूला घेऊन म्हणाले, "मी वीस वर्षं हेच काम करतोय. पैसे मिळावेत म्हणून खोटं बोलणारे रोज बघतो. मिळू नयेत म्हणून खोटं बोलणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला."

"म्या खोटं बोललो न्हाई."

"ठीक आहे. उद्या सकाळी नऊपर्यंत मी विट्याच्या डाकबंगल्यावर आहे. हा कागद अजून पाठवलेला नाही. चारचौघांत माणसाला बोलता येत नाही, हे मला कळतं. एकटे या. चार ओळी लिहून देतो, सही करा, संपलं. गावाला कळायचं कारण नाही."

वहिनींनी त्या दिवशी चूल पेटवली नाही. धाकटी पोरगी भाकरी मागत होती आणि थोरली तिला गप्प करत होती, हे भिंतीपलीकडून येत होतं. माझ्या बायकोनं भाकरी-कालवण ताटात घालून नेलं. वहिनींनी पोरींना खाऊ घातलं आणि ताट धुऊन परत पाठवलं.  बायकोनं माझं ताट वाढलं आणि पाण्याचा तांब्या जरा आपटून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्या उजाडल्या मी गाडी काढली. खरं सांगायचं तर व्हय म्हणायचं ठरवूनच निघालो होतो. वाटेत मोठ्यानं बोलून बघितलं, केबिनमध्ये ऐकायला कुणी नव्हतं. पगार देत हुतो, सायेब. हमाल हुते. दोन्ही वाक्यं जमली. विट्यात डाकबंगल्यासमोर गाडी लावली तेव्हा साडेआठ झाले असतील. साहेब व्हरांड्यात चहा घेत होते. मला बघून उठले, स्वतः खुर्ची पुढं ओढली. पिशवीतून कोरा कागद काढला, पेनचं टोपण काढलं आणि म्हणाले, "बरं केलंत. सांगा."

फाटकाबाहेर चहाच्या गाड्याशी आमच्याच गावचे दोघं उभे होते, बाजाराला आलेले. त्यातल्या एकानं मला बघितलं आणि हात वर केला. "राम राम मालक! सकाळी सकाळी हिकडं?"

मी पण हात वर केला. मग साहेबांकडं वळलो.

"एवढंच इचारायचं हुतं सायेब," मी म्हणालो, "चौकशी झाली न्हवं? मग गाडी रस्त्याव काढू का? भाडं थांबलंय."

साहेबांनी पेन कागदावर तसंच धरलं. "दुसरं काही नाही?"

"न्हाई."

"काढा," ते म्हणाले, आणि पेनला टोपण लावलं.

मी खाली आलो, गाडी चालू केली आणि कराडला गूळ भरायला गेलो.